टीव्हीची पाठ

सेलूत माझी चारशे कनेक्शनं.
शिडी, वायरचं भेंडोळं, पक्कड,
आणि हल्ली चहाचा कप हातात यायच्या आधीच
दारातून हाक :
"भाऊ, ते लेकरांचं लॉक तेवढं टाकून द्या."

देतो टाकून.
सेटिंग, मग पालक, मग चार आकडे.
आई पदर आडवा धरते,
लेकरू कपाटाच्या आरशात बघतं.
कुणी लग्नाचं साल टाकतं, कुणी गाडीचा नंबर.
तलाठीसाहेबांनी एक दोन तीन चार टाकले
आणि माझ्याकडं असं पाहिलं
जशी तिजोरीची किल्ली कमरेला खोचली.

हमी मी देत नाही.
स्टेशनमागं एका पोरीनं रिमोट नुसता उजेडात धरला.
आई कणीक मळता मळता उठली होती,
चार बटणं पांढरी.
राहिला फक्त क्रम. जास्तीत जास्त चोवीस खेपा.
अकराव्या खेपेला उघडलं म्हणे.
आणि बोर्डीकरांकडं अडकले ते आजोबाच :
बातम्याही कुलपात गेल्या,
आता रोज सातला नातवाला गुडदाणी देतात,
तो नंबर दाबतो. पाठ करून.

भालेराव सिस्टरांचा कुलपावर विश्वास नव्हता.
लॉक होतं, पण नावाला.
रात्रपाळी करून आल्या की चप्पल काढायच्या आत
टीव्हीच्या मागं हात.
पालथा, हलका,
वॉर्डात कपाळावर ठेवतात तसा.
गरम लागली पाठ, की प्रज्योतची सायकल आठ दिवस बंद.

प्रज्योत चौथीत.
आई यायच्या अर्धा तास आधी
तो मिठाच्या पाण्याची पट्टी टीव्हीच्या पाठीवर ठेवायचा.
पिळायची, उलटायची, परत ठेवायची.
मागच्या पावसाळ्यात त्याला ताप होता
तेव्हा आईनं ठेवली होती, अगदी तशी.

पॅनल गेलं. मला बोलावलं.
मागचं झाकण काढलं तर आत मिठाचा पांढरा ओघळ.
पोरगं माझ्या हाताकडं बघत उभं,
पापणी हलेना.
"व्होल्टेज," मी म्हणालो. "हल्ली लई कमीजास्त होतंय."
सिस्टरांनी मान हलवली. परभणीहून पॅनल आणलं,
तेवीसशे रुपये.

मग मे महिना. पुन्हा फोन.
"भाऊ, नंबर बदलून द्या. पोरगं तोंडावर खोटं बोलायलंय."

गेलो. पत्रे तडतडत होते.
पंखा थांबलेला. प्रज्योत भिंतीला टेकून,
गाल लाल.
"सकाळपासून लाइटच नाही, आई."
"मग पाठ गरम कामून?"

तो उठला. तिचं मनगट धरलं.
आधी भिंतीला लावला तिचा हात.
मग लोखंडी कपाटाला.
मग पाण्याच्या पिंपाला, माठाशेजारच्या तांब्याला.
मग माझ्या शिडीला. मी शिडी जरा पुढं केली.
"सांग. यांनी काय बघितलं?"

मला हसू आलं होतं.
सिस्टरांनाही येणार होतं, ओठापर्यंत आलेलं दिसलं.
पण मनगट त्यानंच धरलेलं,
आणि त्याच्या बोटांवर त्यांचं लक्ष गेलं.
हात वळला. कपाळावर गेला.
पालथा, हलका.
तिथून निघाला नाही.

"कवापासून?"
"रात्रीपासून. तू ड्युटीवर होतीस."

मी कोपऱ्यात पक्कड शोधत राहिलो,
पक्कड खिशातच होती.
सिस्टरांनी ओढणी फाडली की रुमाल भिजवला
ते मला नीट दिसलं नाही.
पट्टी ठेवली. पिळली. उलटली.

तेवढ्यात लाइट आली.
पंखा कुरकुरला, टीव्ही आपोआप लागला,
आणि निळ्या पडद्यावर
त्यानं चार आकडे मागितले.
दोघांनाही माहीत होते.
कुणीच दिले नाहीत.